सतरा मिनिटांनी येणारी लाइट : छोट्या बोर्डांवरचं लिनक्स आणि त्याच्या बिघाडांचा इतिहास

समोर इंजिनिअरिंगची मुलं दिसतायत, शाळांचे शिक्षक दिसतायत, आणि मागे दुरुस्तीच्या दुकानातले दोन-तीन ओळखीचे चेहरेही आहेत. व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'छोट्या बोर्डांवर लिनक्स' असा विषय छापलाय. मी मूळचा लातूरचा, नोकरी नांदेडला. गेली बरीच वर्षं हे तळहाताएवढे संगणक पोरांच्या हातात देणं आणि बिघडले की परत घेणं, हेच काम करतो. त्यामुळे आज इतिहास सांगणार आहे, पण तो बिघाडांच्या बाजूनं. हा बोर्ड कुणी, कधी बनवला हे कुठंही वाचायला मिळतं. तो आपल्याकडे नेमका तिथंच का बिघडतो, हे मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

सुरुवात एका विहिरीपासून करतो.

साल 2016. लातूरकरांना ते साल सांगावं लागत नाही. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती याच वर्षी. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावात मी आणि माझे दोन विद्यार्थी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर बोर्ड बसवायला गेलो. आम्ही त्यांना काका म्हणायचो. गावाजवळच्या नाल्याचं खोलीकरण नुकतंच झालेलं. काकांचा प्रश्न सरळ होता. विहिरीत पाणी वाढलं, तर ते पावसाबरोबर लगेच वाढतं, की नाल्यात पाणी साठल्यावर चार-सहा दिवसांनी वाढतं? लगेच वाढत असेल तर ते वरचं पाणी, लवकर उतरणार. उशिरा वाढत असेल तर ते झिरपून आलेलं, टिकणार. विहीर अजून खोल करायची की नाही, त्यासाठी कर्ज काढायचं की नाही, हे या उत्तरावर ठरणार होतं.

आमची रचना साधी होती. पीव्हीसी पाइपात तरंगतं लोहचुंबक, पाइपाला दर फुटावर एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जोडलं जाणारं बटण. त्या सगळ्या वायरी रास्पबेरी पायच्या पिनांना. दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी आणि वेळ, एवढं एका फाइलीत लिहायचं. विहीर घराच्या मागंच, वीज घरातून घेतलेली. इंटरनेट नाही; डोंगल लावून बघितला, रेंज नव्हती. मेच्या मध्यावर बसवलं आणि सप्टेंबरमध्ये काढलं. मधे एकदाच जाऊन फाइल उतरवून आणली, उघडून काही बघितली नाही. ही चूक माझी.

शेवटी सगळं घेऊन आलो, आलेख काढला, तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच विहीर भरत होती. बोर्डाच्या हिशेबानं मृगाचं पाणी मे महिन्यातच विहिरीत उतरलेलं! घड्याळ बघितलं तर बोर्ड जवळपास चार आठवडे मागं.

हे असं का झालं ते समजायला जरा मागं जावं लागेल. काकांच्या विहिरीकडे परत येऊ.

या बोर्डाचं घराणं इंग्लंडमधल्या केंब्रिजचं. 1981 मध्ये ब्रिटिश शाळांसाठी बीबीसी मायक्रो नावाचा संगणक निघाला, बनवणारी कंपनी एकॉर्न. त्याच कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःचा प्रोसेसर आखला. 1985 मध्ये तो पहिल्यांदा चालला. तोच एआरएम, आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याचेच वंशज आहेत. दुसरं घराणं लिनक्सचं. 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं, ते स्वतःच्या टेबलावरच्या पीसीवर. 1993 च्या ऑगस्टमध्ये इयन मरडॉकनं डेबियनची घोषणा केली. त्यानंतर दीडच महिन्यानं, 30 सप्टेंबरच्या पहाटे, आपल्याकडे किल्लारी झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यात त्या एकाच पानावर आहेत, आणि आज शेवटी किल्लारीचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

लिनक्स एआरएमवर आणायचं काम रसेल किंग यांनी 1994 मध्ये सुरू केलं. ही दोन घराणी एकत्र आली म्हणून आजचा हा बोर्ड.

आपल्या देशातही असा प्रयत्न आधी झाला होता, आणि तो विसरला गेला याचं मला वाईट वाटतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या मंडळींनी 'सिंप्युटर' आखला. 2001 च्या एप्रिलमध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. हातात मावणारा, एआरएम जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स चालवणारा, आणि वाचता न येणाऱ्याला आपल्या भाषेत बोलून दाखवणारा. गावात एकच यंत्र असावं, ज्याचं त्याचं स्मार्ट कार्ड घालून प्रत्येकानं ते वापरावं, अशी कल्पना. त्यांनी गृहीत काय धरलं होतं बघा: विजेचा भरवसा नाही, म्हणून साधे पेन्सिल सेल घालूनही तो चालायचा. बाजारात तो फार चालला नाही, ती वेगळी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण 2007 चं. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या मराठी शाळेत 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा देशातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालायचे. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, एक जीबीची फ्लॅश मेमरी थेट बोर्डावर लावलेली. तिच्यावर जेएफएफएसटू नावाची फाइल व्यवस्था होती. ही व्यवस्था मुळातच फ्लॅशसाठी लिहिलेली, मध्येच वीज गेली तरी सावरेल अशा बेतानं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पाच वर्षांनी आलेल्या बोर्डानं हेच टाकून दिलं.

तो बोर्ड 29 फेब्रुवारी 2012 ला आला. विक्री सुरू होताच दोन्ही विक्रेत्यांच्या साइट मोडून पडल्या. रास्पबेरी पाय, मॉडेल बी. 35 डॉलर, 256 एमबी मेमरी, 700 मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर. त्यामागचे एबेन अप्टन केंब्रिजचेच. संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना आता आतून संगणक कळत नाही, ही त्यांची तक्रार. लहानपणी बीबीसी मायक्रोनं जे दिलं ते पुन्हा द्यायचं, आणि इतकं स्वस्त की पोरानं जाळला तरी बापानं मारू नये!

35 डॉलरमध्ये काही बसवायचं म्हणजे काही काढायचं. काय काय काढलं? पेटी काढली. पॉवर अडॅप्टर काढला, कारण फोनचा चार्जर घरोघरी असतो. हार्ड डिस्क काढली, त्याऐवजी कॅमेऱ्याचं एसडी कार्ड. चालू-बंदचं बटण काढलं. आणि घड्याळाचा सेल काढला, कारण इंटरनेट असतंच की, वेळ तिथून घेता येते. टीव्हीशेजारी, वाय-फायच्या घरात, लाइट न जाणाऱ्या गावात यातलं प्रत्येक काढणं शहाणपणाचं होतं. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण नांदेड-लातूरकडे या बोर्डाचे जे ठरलेले बिघाड येतात ते काढून ठेवा, आणि त्याशेजारी ही काढलेल्या वस्तूंची यादी ठेवा. एकच यादी दोनदा लिहिल्यासारखी दिसेल.

अडॅप्टरपासून सुरू करू. 'सर, बोर्ड मधेच बंद पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो, पेनड्राइव्ह लावला की मरतो.' दहा तक्रारींत सहा ह्याच. पोरं लगेच कार्ड फॉरमॅट करून नवं लिनक्स टाकतात. दोन तास जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी वायर बघा. बोर्डाला 5 व्होल्ट लागतात, आणि 4.63 च्या खाली गेलं की तो कुरकुरतो. बाजारातल्या पातळ चार्जिंग वायरीचा रोध जाऊन-येऊन अर्धा ओम सहज असतो. बोर्डानं एक अँपिअर ओढला की अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. चार्जरपाशी 5, बोर्डापाशी साडेचार. चार्जर निर्दोष, बोर्ड निर्दोष, गुन्हेगार साठ रुपयांची वायर. कंपनीचा स्वतःचा अडॅप्टर 5.1 व्होल्टचा असतो तो याच हिशेबानं. बी प्लस, 2 आणि 3 या मॉडेलांवर व्होल्टेज पडलं की लाल दिवा विझतो. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेची खूण उमटते. लोकांना ती खूण म्हणजे 'चार्जिंग चालू' वाटते! फोननं लावलेली सवय.

तापण्याचंही याच्याबरोबरच सांगून टाकतो. नांदेडचा मे महिना, पत्र्याची खोली, बंद डबी. प्रोसेसर 80 अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो. बोर्ड 'हळू झाला' म्हणून आणतात, डबीचं झाकण काढलं की बरा होतो. यात इतिहास काही नाही.

एक गंमत मात्र इतिहासातली आहे. 2015 च्या फेब्रुवारीत पाय 2 आला, आणि कौतुकानं त्याचा फोटो काढला की तो बंद पडायचा. झेनॉन फ्लॅशचा प्रखर उजेड वीज नियंत्रित करणाऱ्या एका उघड्या चिपवर पडला की तिच्या सिलिकॉनमध्ये विद्युतप्रवाह निर्माण व्हायचा आणि ती गडबडायची. उपाय होता त्या चिपवर चिकटमातीचा छोटा गोळा लावायचा. आपल्याकडे लग्नाच्या फोटोग्राफरपुढे ठेवला असता तर चालू राहिलाच नसता.

आता कार्ड. एसडी कार्ड 1999 मध्ये तीन कंपन्यांनी मिळून आखलं. ते कॅमेरा आणि गाण्यांच्या यंत्रांसाठी. फोटो म्हणजे काय, एक मोठी फाइल एकदाच लिहायची. लिनक्स तसं वागत नाही. ते दर मिनिटाला चार-दोन ओळींची नोंद कुठं ना कुठं लिहीत बसतं, हा जुन्या सर्व्हरांचा स्वभाव. फ्लॅश मेमरीत एक ओळ बदलायची तरी अख्खा ठोकळा पुसून नव्यानं लिहावा लागतो. हे काम कार्डाच्या पोटातला छोटा कंट्रोलर गुपचूप करतो, लिनक्सला तो काही सांगत नाही. तो ठोकळा हलवत असतानाच लाइट गेली, तर त्या ठोकळ्यात शेजारी बसलेली, महिनोन् महिने कुणी हात न लावलेली फाइलही जाते.

'पण सर, लिनक्समध्ये जर्नल असतं ना?' असतं. 2001 मध्ये ईएक्सटीथ्री मूळ लिनक्समध्ये आलं, पुढे ईएक्सटीफोर. काय बदलणार हे आधी रोजकीर्दीत लिहायचं आणि मग खात्यात चढवायचं, अशी ती रीत आहे. दुकानदाराला लगेच कळेल. पण रोजकीर्द ज्या कपाटात आहे त्या कपाटालाच आग लागली तर? जर्नल हार्ड डिस्कच्या काळात जन्मलं, खालची वस्तू आपल्याशी खरं बोलते या विश्वासावर. कार्ड खरं बोलेलच असं नाही. कर्जतच्या त्या लॅपटॉपात फाइल व्यवस्था फ्लॅशशी थेट बोलायची. इथं मधे हा दलाल बसलाय.

म्हणून आपल्याकडचा उपाय कार्ड बदलत राहणं हा नाही, तर लिहिणंच कमी करणं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये आता मूळ प्रणाली फक्त-वाचनीय करायची सोय मिळते, बदल मेमरीत राहतात आणि लाइट गेली की पुसले जातात. नोंदींच्या फाइली मेमरीत ठेवायच्या. जो विदा खरोखर हवा आहे, तेवढाच वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर. बटण नाही, तर दोन पिनांना एक बटण लावून 'नीट बंद हो' हा हुकूम देता येतो, शाळेच्या शिपायालाही दाबता येईल असा. आणि स्वस्तात मिळालेलं 64 जीबीचं कार्ड आधी तपासा. आठ जीबीच्या कार्डावर 64 छापलेलं असतं आणि कार्ड संगणकालाही तसंच सांगतं. एफथ्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर ते भरून बघतं आणि खोटं पकडतं. हिरवा दिवा चार वेळा किंवा सात वेळा ठरावीक लुकलुकत असेल तर घाबरू नका, ती बोलीच आहे. चार म्हणजे सुरुवातीची फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही. बोर्ड जिवंत आहे, कार्डात गडबड आहे.

आणखी एक तक्रार जुन्या बोर्डांवर येते. 'एआरएमसाठीचं' म्हणून उतरवलेलं सॉफ्टवेअर चालवलं की 'अवैध सूचना' म्हणून बंद पडतं. त्याचं कारण 2012 मध्ये आहे. डेबियनची वेगवान एआरएम आवृत्ती सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी होती आणि पायचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी ठरवून सगळंच पुन्हा बांधायला घेतलं. पस्तीस हजारांहून जास्त पॅकेजेस, छोट्या बोर्डांचीच रांग लावून, दिवसरात्र. 2012 च्या जूनमध्ये पहिली फेरी पूर्ण झाली. त्याचं नाव रास्पबियन. ते दोघं फाउंडेशनचे नोकर नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभार गाइडचे असतात, एचओडींचे असतात. ज्यांच्यामुळे बोर्ड चालू झाला ते कुठंच नसतात.

मराठीचंही एक वाक्य. नव्या कार्डावर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट टाका, एवढंच. तो बहुधा 'लोहित' असेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं दिलेले आणि रेड हॅटनं सगळ्यांसाठी मोकळे केलेले हे फॉन्ट. काळ्या पडद्यावरच्या कन्सोलमध्ये मात्र जोडाक्षरं जुळणार नाहीत, तिथं फार तर 512 चिन्हांची जागा आहे आणि जोडाक्षर घडवायची सोयच नाही. त्यावर रात्र घालवू नका.

आता घड्याळ. इथं जरा थांबू.

पीसीमध्ये 1984 च्या आयबीएम एटीपासून मदरबोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ आहे. नाण्यासारखा सेल तुम्ही बघितलाय. लाइट नसली तरी ते चालू राहतं. पायवर तो सेल नाही. मग लाइट आल्यावर बोर्डाला किती वाजलेत हे कसं कळणार? युनिक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजतं, म्हणजे काहीच माहीत नसलेला बोर्ड 1970 म्हणेल. त्यानं फार घोटाळे होतात. डिस्क तपासणारा प्रोग्राम म्हणतो की शेवटची नोंद भविष्यातली आहे. वेबसाइटचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं. ज्यांच्या बोर्डावर इंटरनेट चालू असूनही साइट उघडत नाहीत, त्यांनी आधी तारीख बघावी.

यावर डेबियनकरांनी तोडगा काढला. त्याचं नावच 'फेक हार्डवेअर क्लॉक', खोटं घड्याळ. दर तासाला आत्ताची वेळ एका फाइलीत लिहून ठेवायची. चालू होताना ती वाचायची आणि तिथून पुढे मोजायला लागायचं. नाव प्रामाणिक आहे, आणि इंटरनेट असेल तर मिनिटाभरात खरी वेळ येते. काही बिघडत नाही.

काकांच्या घरी इंटरनेट नव्हतं. रात्री दहाला लाइट गेली आणि पहाटे पाचला आली, तर बोर्डाला वाटायचं अजून दहाच वाजलेत. ते सात तास त्याच्या लेखी घडलेच नाहीत. असे तास साचत साचत चार आठवडे झाले. माझं म्हणणं असं आहे की 1970 दिसलं असतं तर बरं झालं असतं! पहिल्याच दिवशी कळलं असतं. उघड चूक लपवून तिच्या जागी पटण्यासारखी चूक बसवली गेली. लाइट न जाणाऱ्या गावात ही दुरुस्ती आहे, आपल्याकडे ती फसगत होते.

हे लक्षात कसं आलं ते सांगतो, कारण ते श्रेय माझं नाही. माझी एक विद्यार्थिनी, लातूर पॅटर्नमधून आलेली. आम्ही त्या पॅटर्नची थट्टा करतो, सरावाच्या प्रश्नपत्रिका गिरवल्या की झालं म्हणून. पण गिरवायची सवय असलेलं माणूस कंटाळत नाही. तिनं बोर्ड जितक्या वेळा सुरू झाला त्या सगळ्या नोंदी वहीत उतरवल्या, शंभराच्या वर. आणि मला म्हणाली, 'सर, काकांच्या गावात लाइट दर वेळी सतरा मिनिटांनीच कशी येते?' आठ सतरा, अकरा सतरा, दोन सतरा. सगळीकडे 17.

महावितरण एवढं वक्तशीर नाही. डेबियनमध्ये 'दर तासाला करायची कामं' तासाच्या 17 व्या मिनिटाला चालतात, तसं एका फाइलीत लिहिलेलंच आहे. खोटं घड्याळ आपली वेळ तेव्हाच जपून ठेवायचं. म्हणून लाइट कधीही येवो, बोर्डाच्या लेखी ती 17 व्या मिनिटालाच यायची. दहा पन्नासला लाइट गेली असेल तर घड्याळ मागं उडी मारून दहा सतरावर. फाइलीत दहा पंचवीसच्या दोन-दोन नोंदी होत्या. पुरावा समोर होता, वाचणारा नव्हता.

मग आम्ही वेळ जुळवायला बसलो. एकदा बोर्ड सुरू झाला की पुढची लाइट जाईपर्यंतचं अंतर खरं. दोन तुकड्यांमधली पोकळी किती, तेवढं माहीत नाही. बसवल्याची आणि काढल्याची तारीख पक्की, म्हणजे पोकळ्यांची बेरीज माहीत. पण कुठली पोकळी किती मोठी, हे कुणाला विचारणार?

काकूंना विचारलं. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय. दुधाचा हिशेब तर होताच, शिवाय पाऊस पडला त्या दिवशी 'पा', आणि एका ठिकाणी ओळीनं सहा दिवसांवर रेघ ओढून 'डीपी जळाली'. सहा दिवसांची पोकळी सापडली! मोठ्या पोकळ्या अशा बऱ्याच बसल्या. पण एक गोष्ट काकांनी सहज सांगितली आणि आम्ही गप्प झालो. 'ईज कडकडायली की म्या तुमचं पिलग काढून ठेवत होतो, म्हणलं महागाचं यंत्र हाय, जळंल.' म्हणजे पाऊस सुरू झाला की बोर्ड बंद. आम्हाला जे तास हवे होते नेमके तेच नव्हते. आणि काकांचं काही चुकलं नव्हतं, आपल्याकडे वीज कडाडली की टीव्हीचा प्लग कोण काढत नाही?

शेवटी विहिरीचं पाणी वाढायला लागलं तो क्षण आम्हाला चार दिवसांच्या पट्ट्यात बसवता आला. काकांच्या प्रश्नाला एक दिवसाचा नेमकेपणा हवा होता. काकांनी पुढच्या उन्हाळ्यात कर्ज काढून विहीर खोल केली. ते बरोबर झालं की चुकलं, आमच्या आकड्यांवरून आजही सांगता येत नाही.

विहिरीला एक दिवसाचा नेमकेपणा लागतो. भूकंपाला किती लागतो? 2016 मध्येच पनामातल्या एका गटानं 'रास्पबेरी शेक' नावाचं यंत्र काढलं. हाच बोर्ड, हेच लिनक्स, वर जमिनीची थरथर मोजणारा जिओफोन. शाळेत, घरात कुणीही बसवावं. भूकंपाची पहिली लाट कवचातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. वेगवेगळ्या ठिकाणी ती किती वाजता पोचली यावरून केंद्र काढतात. घड्याळ एका सेकंदानं चुकलं तर हिशेबात सहा किलोमीटरचा फरक. एका मिनिटानं चुकलं तर ती नोंद फेकूनच द्यायची. म्हणून त्या यंत्राला इंटरनेटवरची वेळ किंवा जीपीएसचा अँटेना, दोहोंपैकी एक हवंच.

हे नांदेडमध्ये का सांगतोय ते तुम्हाला कळतंय. किल्लारीचा भाग त्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित समजला जात होता. नांदेड शहराच्या खालच्या छोट्या धक्क्यांच्या मालिकेवर हैदराबादच्या एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांचा निबंध 2012 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे 4.5 तीव्रतेचे धक्के आपल्या सगळ्यांना जाणवले. त्या सकाळी माझ्याकडे तीन विद्यार्थ्यांचे फोन आले, 'सर, आपण शेक बसवू या का?' मी म्हटलं, बसवू. आधी सांगा, लाइट गेल्यावर त्याला वेळ कोण सांगणार?

त्याचा उपाय महाग नाही. डीएस3231 नावाची घड्याळाची चिप छोट्या पट्टीवर मिळते, दोन-तीनशे रुपयांत. चार पिना जोडायच्या, सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, खोटं घड्याळ काढून टाकायचं. भूकंपासाठी ते पुरणार नाही, विहिरीसाठी पुरतं. 2023 मध्ये आलेल्या पाय 5 वर कंपनीनं घड्याळाची चिप आणि चालू-बंदचं बटण दोन्ही दिलं. अकरा वर्षांनी. सेल मात्र अजूनही वेगळा विकत घ्यावा लागतो.

त्या विहिरीवर आम्ही नंतर घड्याळासह बोर्ड पुन्हा बसवला. पहिली पंधरा मिनिटं वेळ बरोबर आहे का हेच बघत बसलो. काकूंनी चहा दिला, पट्टीवरच्या चकचकीत सेलकडे बघितलं आणि विचारलं, 'ह्याचा सेल संपला म्हंजी कसं कळंल?' आम्ही एकमेकांकडे बघितलं. कालनिर्णयावर 'पा' लिहिणं त्यांनी बंद केलेलं नाही, आणि आम्हीही दर दिवाळीला त्या पानांचे फोटो काढून आणतो.

बरं, वेळ होत आलीय, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणीतरी बोर्ड घेऊनच आलंय, इथून हिरवा दिवा दिसतोय. लुकलुकतोय. मोजा बरं, चार की सात?